केकला हळद लागली

ओव्हन तापला की नाही हे ओळखायला मी माझ्या कथा वापरत असे. कथा लिहायची, पुण्या-मुंबईच्या मासिकाकडे पाठवायची, आणि ती ‘साभार परत’ आली की तिचं एकेक पान फाडून ओव्हनच्या पोटात ठेवायचं. पान लगेच काळं पडलं तर आच जास्त, पांढरंच राहिलं तर कमी, आणि छान बदामी झालं तर नानकटाईचं ताट आत सारायचं. माझ्या नायिका त्या काळी महाबळेश्वरला राहत, पियानो वाजवत आणि क्षयानं मरत. मी महाबळेश्वर पाहिलं नव्हतं आणि पियानो फक्त चित्रात. पण कागद चांगला घेत असे, त्यामुळे आच अगदी बरोबर कळायची.

या अंकासाठी ‘तुमच्या कामाच्या आठवणी लिहा’ असा निरोप आला, तेव्हा आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “तुला कुठं नोकरी होती?” मी म्हटलं, “परड्यात.” सत्तरच्या दशकात सुरू केलेलं माझं काम पुढं गुडघ्यांनी राजीनामा देईपर्यंत त्या परड्यातच चाललं. भाजायचं आणि लिहायचं. दोन्ही कामं एकाच पाटावर बसून केली, म्हणून त्यांच्या आठवणीही वेगळ्या काढता येत नाहीत.

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. त्यांच्या अलीकडच्या वस्तीत आमचं दोन खोल्यांचं घर. हे एका टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालता करणारे. घर लहान असलं तरी मागचं परडं ऐसपैस. मी मंद्रूपच्या शेतकऱ्याची मुलगी, मोकळी जमीन दिसली की हात शिवशिवतात. शेवगा लावला, लिंबू लावलं, कढीपत्ता लावला, कोंबड्या पाळल्या, आणि माहेरहून एक शेळी आणली. ही शेळी फार वाचनप्रिय होती. माझी एक आख्खी दीर्घकथा तिनं खाल्ली, आणि आजतागायत त्या कथेला मिळालेला तो एकमेव उत्साही प्रतिसाद.

भाजण्याची गोष्ट आधी सांगते, कारण आता घरोघरी बटण दाबलं की तापणारे ओव्हन आहेत आणि तेव्हाची तऱ्हा नव्या मुलींना ठाऊक नाही. तेव्हा दिवाळी किंवा ईद जवळ आली की बायका मैदा, साखर, डालडा पत्र्याच्या डब्यात घालून बेकरीच्या भट्टीवर घेऊन जात. तिथं नंबर लागे. भट्टीवाला आपल्यासमोर पीठ मळून बिस्किटं पाडून भाजून देई आणि आपण तो गरम डबा कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन घरी यायचं. मला भट्टीपाशी उभं राहायला फार आवडे. पण डबा घरी आला की वाटे, यात माझं काय? मैदा माझा, एवढंच.

म्हणून मी घरी पातेल्यात वाळू तापवून, त्यात डबा ठेवून, झाकणावर निखारे घालून बिस्किटं करू लागले. खालून करपत आणि वरून कच्ची राहत. ह्यांनी दोन-चारदा मुकाट्यानं खाल्ली आणि मग एके रविवारी कारखान्यातल्या फिटरला घरी घेऊन आले. दोघांनी मिळून गोडेतेलाचे डबे कापून दुहेरी भिंतीची एक पेटी केली, दोन पत्र्यांच्या मधे राख ठासून भरली, खाली शेगडी, वर निखाऱ्यांचं ताट आणि पुढं बिजागरीचं दार. माग दुरुस्त करणाऱ्या माणसानं केलेला ओव्हन, त्यामुळे दार उघडताना तो खटक्याच्या मागासारखा आवाज करी. माहेरच्या सगळ्या दागिन्यांपेक्षा मला ती पेटी प्यारी होती.

ती शेगडीवर चढवायची, पुढ्यात पाट घ्यायचा, आणि एक घाणा भाजून होईपर्यंत एक पान लिहायचं. घाणा करपला म्हणजे पान चांगलं झालं असं समजावं. पुष्कळदा दोन्ही करपे.

घरात सासूबाई होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. सासरे गेल्यावर त्या गावाकडचं घर थोरल्या दिरांच्या नावावर ठेवून आमच्याकडे राहायला आल्या. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, आणि जीभ अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा आमच्या दारात भुंकत नसत. पण लग्नकार्य निघालं की याच आत्या एकदम लहान होऊन जात. विधवा बाईनं पुढं यायचं नाही, नवरा-नवरीच्या वाटेत उभं राहायचं नाही, हळदी-कुंकवाला हात लावायचा नाही, हे त्या कुणी सांगायच्या आधीच पाळत. सख्ख्या नातीच्या लग्नातही त्या मांडवामागं चुलीपाशी वांगी चिरत बसल्या होत्या. मंगलाष्टकं ऐकू आली तेव्हा त्यांनी विळीवर बसल्या बसल्याच अक्षता टाकल्या, त्या वांग्यात पडल्या.

माझ्या उद्योगाला आत्यांचा विरोध नव्हता, पण त्याला त्या ‘खेळ’ म्हणत. “खेळ झाला का तुजा? मग भाकरी टाक.” त्यात थोरल्या दिरांनी, म्हणजे आण्णांनी, मनावर घेतलं. आण्णा सरकारी कचेरीत होते. एका शाळेत कारकुनाची जागा रिकामी होणार होती आणि मॅट्रिक झालेली भावजय त्यांच्या घरातच होती. “पंखा हाय, खुर्ची हाय, म्हातारपणी पेन्शन हाय,” ते म्हणाले. “बिस्किटावर जन्म जातो व्हय कुणाचा?” आत्यांनी लगेच मान डोलावली. सावलीतल्या खुर्चीचं त्यांना फार कौतुक. जन्मभर उन्हात राबलेल्या बाईला असणारच. ह्यांचा जीव मधल्यामधे. शेवटी ठरलं असं, की शाळा उघडेपर्यंत मी माझं करून बघावं. तोवर हे काम घराला धरून उभं राहिलं तर ठीक, नाहीतर जूनमध्ये खुर्चीवर बसायचं आणि ओव्हन भंगारात द्यायचा.

मला सकाळी कोंबड्यांना दाणे टाकायचे होते, घाणा लावायचा होता आणि तो भाजेपर्यंत एक पान लिहायचं होतं. याहून मोठी इच्छा मला नव्हती आणि ही कुणाला सांगण्यासारखी नव्हती. लोक म्हणाले असते, हिला साधी नोकरी नको आणि राणीचं आयुष्य हवं. खरं म्हणजे तेच हवं होतं.

गिऱ्हाइकं येत नव्हती असं नाही, पण ती एकेक नमुने होती. पलीकडच्या तालमीतला एक पैलवान केक न्यायला यायचा. “वहिनी, साखर कमी घाला, मैदा कमी घाला, अंडी वाढवा.” असं वाढवत वाढवत आम्ही अशा ठिकाणी पोचलो की मी त्याला म्हटलं, “भाऊ, याला आम्लेट म्हणतात.” तो म्हणाला, “आम्लेट घरी मिळतंय की. केक म्हणून खाल्लं की वस्ताद ओरडत नाहीत.”

दुसऱ्या नरसम्मा. शेजारच्या विणकर घरातल्या मालकीणबाई. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीचा वेग एकच. कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, कोपरापर्यंत बांगड्या. माझी नानकटाई पहिल्यांदा खाऊन त्या म्हणाल्या, “सुमन, गोड गोड काय खायचं गं? आम्ही काय मुंग्या हाव? ह्यात ओवा घाल, मिरी घाल.” मला राग आला. रागाच्या भरात घातली, आणि ती खारी नानकटाई विणकरांच्या घरोघरी चहाबरोबर जाऊ लागली. माझ्या साहित्यावर अशी थेट सूचना कुणी केली असती तर मी कधीच सुधारले असते.

तरीही एवढ्यानं खुर्ची टळणार नव्हती. मग मे महिन्यात सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे सरलाबाई. दवाखान्यात नर्स होत्या. माझ्या बाळंतपणात त्यांची ओळख झाली. नाताळचे दिवस होते, त्यांनी घरच्या केकची एक फोड मला दिली होती, आणि मी बाळाकडे बघायचं सोडून ‘हे कसं करतात?’ असं विचारलं होतं. केक मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांची मुलगी रूथ, तिचं लग्न ठरलं होतं. ख्रिस्ती लग्नात केक लागतो, तोही मजल्या-मजल्यांचा, पांढराशुभ्र. व्याही पुण्याचे. केक पुण्याहून आणावा म्हणत होते, पण मे महिन्याच्या उन्हात रेल्वेतून तो काय अवस्थेत उतरला असता ते सांगायला नको.

“सुमन, तू करशील?” सिस्टर म्हणाल्या. “तीन मजली. पण एक सांगते, सगळा दवाखाना येणार, सगळं चर्च येणार. नीट झाला तर नाताळपर्यंत तुला डोकं वर काढता यायचं नाही.”

नीट झाला नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला माहीत होतं. खुर्ची.

पहिली अडचण ही की सगळ्यात खालचा मजला माझ्या ओव्हनमध्ये मावत नव्हता. मग चार चौकोनी तुकडे वेगवेगळे भाजून ते जॅमनं जोडले. साखरेचा गिलावा चढला की सांधा दिसत नाही. घराच्या भिंतीचं आणि संसाराचंही तसंच. दुसरी अडचण, उन्हाळ्यात कोंबड्या संपावर जातात. नरसम्मांनी गल्लीतून पदराच्या ओच्यात अंडी गोळा करून आणली. तिसरी अडचण साखरेची. केकवर चढवायला साखर पिठासारखी बारीक लागते आणि तशी तेव्हा आमच्या बाजारात मिळत नसे. ती आत्यांनी जात्यावर दळली. “साकर कुणी दळतंय व्हय? देवाला तरी पटंल का ह्ये?” असं प्रत्येक मुठीला म्हणत दळली, आणि ह्यांनी आणलेल्या मलमलीतून दोनदा चाळूनही दिली.

अंड्याचा पांढरा भाग फेटायचा, त्यात ती साखर आणि परड्यातल्या लिंबाचा रस घालायचा, की चुन्यासारखा दाट लेप तयार होतो. त्याला कोरडी हवा लागते. समुद्रकाठच्या गावात तो दिवसदिवस ओला राहतो म्हणे. आमच्या सोलापूरच्या हवेला सगळे नावं ठेवतात, पण त्या दिवशी मी तिला मनापासून दुवा दिला. बघता बघता लेप टणक झाला. टेबलाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. त्यावर तो तीन मजली पांढरा केक असा उभा राहिला की हे कारखान्यातून आले ते दारातच चपला हातात घेऊन थांबले. “हे आपल्या घरात झालं?” म्हणाले. मी त्यांना हात लावू दिला नाही.

लग्न दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळी मी केक एकदा डोळे भरून पाहिला आणि न्हायला गेले. केस पुसत बाहेर आले तर घरात हळदीचा वास. टेबलापाशी नरसम्मा उभ्या, हातात कुंकवाचा करंडा. दोन पावलं मागं, भिंतीला टेकून, आत्या. दोघींच्या चेहऱ्यावर मोठं समाधान. आणि केकच्या तिन्ही मजल्यांवर, समोरच्या बाजूला, मधोमध, एक हळदीचं बोट आणि त्याखाली एक कुंकवाचं.

“आत्या, हे काय केलंत?”

“काय न्हाय गं,” आत्या म्हणाल्या. “पोरीचं लगीन, आन समदं पांढरं फटक. मोकळ्या कपाळावानी. मला सकाळपास्नं बघवना झालं. म्हनून नरसम्माला हाक मारली. तिच्याच हातनं टेकवलं समदं. माजा हात कुटंबी लागला न्हाय, तू काळजी करू नगंस.”

“लक्ष्मीवाणी दिसतंय की आता,” नरसम्मा म्हणाल्या.

साखरेवर ओलं बोट टेकवलं की रंग आत मुरतो. दुसरा लेप लावायला ना साखर उरली होती ना वेळ. मी कसंबसं सांगितलं, की त्यांच्यात पांढरा रंगच शुभ असतो. नवरी पांढरंच नेसते.

“नवरी?” आत्यांनी विचारलं. “नवरी पांढरं नेसती?”

“हो.”

त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून रडले. इतके दिवस राबले होते, आणि आता शाळेतली ती खुर्ची मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होती; तिचा एक पायही डुगडुगताना दिसत होता.

बाहेर ह्यांनी दुरुस्ती सुरू केली. माग बिघडला की हात घालायची सवय. चपट्या सुरीनं त्यांनी खालच्या मजल्यावरचं कुंकू खरवडायला घेतलं, आणि ते एका बोटाचं कुंकू तळहाताएवढा गुलाबी डाग होऊन बसलं. “अजून जरा—” असं ते म्हणत असतानाच नरसम्मांनी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली.

मी डोळे पुसून बाहेर आले. टांगा दारात आला होता. आत्या उठल्या, पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि म्हणाल्या, “मी बी येती.”

“आत्या, तुम्ही लग्नात—”

“लग्नात न्हाय येत मी. तिच्या आयला सांगाया येती. करनी माजी, आन बोलनी तू खानार व्हय?”

टांग्यात मी केक धरून बसले आणि आत्या मला धरून. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला त्या टांगेवाल्याच्या सात पिढ्यांची चौकशी करत होत्या.

सिस्टरांचं घर चर्चच्या मागंच होतं. दारात मांडव, आत बायकांची गडबड. केक मधल्या खोलीत ठेवला, वरचं कापड काढलं, आणि बायका एकेक करून जवळ सरकल्या. सिस्टर पुढं आल्या. दवाखान्यात ताप पाहताना त्यांचा चेहरा जसा होई तसा झाला.

“सुमन,” त्या म्हणाल्या, “हे काय आहे? पुण्याची माणसं बाहेर बसलीत.”

माझ्या आधी आत्या बोलल्या. खोलीत पाऊल न टाकता, दाराबाहेर उभं राहून. “बाई, तिला बोलू नका. तिनं लई चांगलं केलं हुतं. मला कळलं न्हाय. नवऱ्या मुलीच्या वस्तूला हळद न्हाय, कुंकू न्हाय, असं कसं धाडायचं म्हनून मी शेजारणीकडनं लावून घेतलं. मी अडाणी बाई. पर वाईट चिंतून केलं न्हाय.”

तेवढ्यात आतून रूथ आली. पांढरी साडी, डोक्यावर जाळीचा पदर, हातात फुलं अजून यायची होती. तिनं केक पाहिला. मग दाराबाहेर उभ्या असलेल्या आत्यांना पाहिलं. आत्या तिला बघून घाईघाईनं बाजूला सरकल्या, नवरीच्या समोर नको म्हणून.

रूथ एकदम हसायला लागली. “आई, बघ ना,” असं म्हणून तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. कोपरापर्यंत पिवळे. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांतही नवरीला हळद लागते हे मला माहीत होतं, पण त्या गडबडीत ते आठवलंच नव्हतं. “काल मला लावली, आज केकला. मीच काय ती एकटी पिवळी फिरू का?”

मग तिनं वाकून खालच्या मजल्यावरचा डाग पाहिला. “हे मात्र पुसलंय. हे पुन्हा लावायला हवं.” तिनं कालची हळदीची वाटी आणायला सांगितली, ती घेतली आणि थेट दाराबाहेर आत्यांपुढं जाऊन उभी राहिली. “आजी, लावा.”

आत्या दोन पावलं मागं गेल्या. “नगं पोरी. नरसम्माला बोलवा. न्हायतर तुजी आय लावंल.” मग हळूच म्हणाल्या, “माजं कपाळ बघ की. माज्या हातचं चालत न्हाय.”

“आमच्यात चालतं,” रूथ म्हणाली.

तिनं आत्यांचा हात धरला आणि त्यांना आत आणलं. आत्यांचं बोट वाटीत बुडालं. त्यांनी त्या गुलाबी डागावर हळद टेकवली, आधी एक बोट, मग डाग झाकला जाईना म्हणून आणखी एक, मग आणखी. जात्यावर पीठ सारावं तशा त्या तो डाग झाकत गेल्या. झाकून झाल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, तेच बोट त्यांनी रूथच्या गालाला लावलं आणि तिच्या डोक्यावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. सिस्टर तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होत्या. मी तर उघडउघड रडत होते, सकाळपेक्षा वेगळं.

केक मांडवात गेला. व्याह्यांनी चष्मा वर करून तो नीट निरखला. “हे पिवळं काय आहे?”

सिस्टर एक क्षणही अडखळल्या नाहीत. “ही सोलापूरची पद्धत आहे,” त्या म्हणाल्या.

“असं का! आम्हाला कुणी बोललं नाही.” व्याही पुण्याचे असल्यामुळे माहीत नसलेली गोष्ट माहीत असल्यासारखी मान हलवत होते. “छान आहे. धाकट्याच्या वेळी आपणही ठेवू.” हळदी-कुंकवाचा भाग सिस्टरांनी अलगद कापून बाजूला काढला, बाकीचा केक पाहुण्यांनी मिनिटांत फस्त केला, आणि चार तुकड्यांचा सांधा शेवटपर्यंत कुणाला कळला नाही. त्याचा मला अजून अभिमान आहे.

आत्या लग्नाला थांबल्या. मागं चिरायला काही नव्हतंच, तिथं खुर्च्या मांडलेल्या. त्या सगळ्यात शेवटच्या खुर्चीवर बसल्या होत्या, तर दवाखान्यातल्या दोन पोरींनी त्यांना उचलून पुढं आणून बसवलं. घरी आल्यावर त्या हात धुवायला मोरीपाशी गेल्या, तांब्या उचलला, बोटाकडे बघितलं, आणि तांब्या तसाच ठेवून परत आल्या.

त्याच आठवड्यात मी ती सगळी हकीकत लिहून काढली. महाबळेश्वर नाही, पियानो नाही, कुणी मरत नाही. गावातल्याच एका साप्ताहिकाकडे पाठवली. ती परत आली नाही, छापून आली. ओव्हनची आच तपासायला घरात कागद उरेना, म्हणून ह्यांचं वापरलेलं रेल्वेचं टाइमटेबल फाडावं लागलं. आत्यांना वाचून दाखवली तेव्हा त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “त्या टांगेवाल्याला मी इतकं न्हाय बोलले.” मग जरा थांबून, “नरसम्माचं नाव चांगलं ठळक हाय न्हवं? न्हायतर ती भांडंल.”

आणि खरोखरच मागण्या येऊ लागल्या. दवाखान्यातून, चर्चमधून, मग आमच्याच गल्लीतून बारशाला नि वाढदिवसाला. पण पहिली बाई आली ती म्हणाली, “केक तुमचा, पण बोट त्या आजींचं हवं.” मी हळदीत साखरेचा लेप कालवून खाता येईल असा रंग केला, कुंकवाच्या जागी बिटाचा. केक तयार झाला की आत्या न्हाऊन, धुवट लुगडं नेसून यायच्या आणि श्वास रोखून बोट टेकवायच्या. तोवर कुणी बोलायचं नाही. शेळीनंसुद्धा.

आज आत्या नाहीत. नरसम्मा मुलाकडे हैदराबादला गेल्या. त्या पत्र्याच्या पेटीच्या जागी विजेचा ओव्हन आला, तो कधी चुकत नाही आणि म्हणून त्याच्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही. तेव्हाच्या केकचा एकही फोटो आमच्याजवळ नाही याची मात्र हळहळ वाटते. रूथच्या लग्नाच्या फोटोत केक आहे, पण फोटो काळा-पांढरा. हळद दिसत नाही.

आण्णांचं सांगायचं राहिलं. शाळा उघडायच्या आठवड्यात ते सकाळीच सायकलवरून आले. जागेचं पक्कं झालं होतं, सोमवारी हजर व्हायचं. मी कोपरापर्यंत मैद्यात. काय बोलावं, कुठून सुरुवात करावी, हे मनात जुळवत पदराला हात पुसत होते. आत्या जात्यापाशी साखर चाळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आण्णा, ती जागा दुसऱ्या कुनाला दे.”

“आगं आई, तूच म्हनत हुतीस की, सावलीतली खुर्ची—”

“व्हय, म्हनत हुते. पर तिला येळ कुटं हाय? आमा दोघीस्नी काम हाय.”

“तुला?” आण्णा हसले. “तुला आन कसलं काम?”

आत्यांनी चाळणी खाली ठेवली. थोरल्या लेकाकडे त्यांनी सरळ पाहिलं.

“रविवारी लगीन हाय,” त्या म्हणाल्या. “मला बोलावलंय. मागं बसाया न्हाय, म्होरं.”